दोन दिसतात, पण एकच आहे

शब्दकोशाचा तिसरा खंड वरच्या फळीवरून अनुस्वारताईंच्या डोक्यात पडला, तेव्हा त्यांनी आधी खंड उचलून त्याचा कोपरा दुमडला नाही ना ते पाहिलं आणि मग डोक्याला हात लावला. खंड शाबूत होता. डोक्याला लिंबाएवढं टेंगूळ होतं. पानं लावण्याचं काम करणारा, ज्याला सगळे मांडणीवाला म्हणत, तो धावत आला आणि म्हणाला, "ताई, आजवर शब्द तुमच्या डोक्यात होते. आता डोक्यावरही बसले."

सगळे हसले. ताईही हसल्या. हसताना समोरची खिडकी जरा डावीकडे सरकून परत जागेवर आली, ते मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नाही. खिडक्या सरकत नसतात. मग सांगायचं काय?

अनुस्वारताई शालेय पुस्तकं छापणाऱ्या संस्थेत मुद्रितं तपासत. हे नाव त्यांना एका पाठामुळे मिळालं होतं. 'आजोबांची चिंता वाढत गेली' या वाक्यातला अनुस्वार छपाईत गळला होता आणि प्रत्येक प्रतीत आजोबांची चिता वाढत चालली होती. ताईंनी चालू यंत्र थांबवलं. तेव्हापासून प्रत्येक पुस्तकाची शेवटची पानं त्यांच्या टेबलावर यायची, त्या डोळ्यांत तेल घालून ती वाचायच्या आणि खाली 'छापण्यास हरकत नाही' असं लिहून सही करायच्या. त्या सहीशिवाय पुस्तक दाराबाहेर पडत नसे. या कामाला 'अंतिम वाचन' म्हणत, आणि त्यासाठी एक वेगळी, हात असलेली खुर्ची होती. संस्थेत हात असलेल्या खुर्च्या दोनच. दुसरी मुख्य संपादकांची.

टेंगूळ बसलं. ताईंचं दुखणं मात्र दुपारी यायला लागलं. सकाळी सगळं ठीक असे; जेवणानंतर भुवयांच्या मागे कोणीतरी बोट दाबून धरल्यासारखं वाटे. ओळीच्या शेवटी पोचलेली नजर पुढच्या ओळीऐवजी तिच्या खालच्या ओळीवर उतरे. आणि मग शब्दांना सोबती यायला लागले. प्रत्येक शब्दाच्या उजवीकडे त्याचाच एक फिकट भाऊ येऊन उभा राही, कधी अर्धा मागे लपलेला, कधी अगदी खांद्याला खांदा लावून.

दुसरं कोणी असतं तर घाबरून डॉक्टरकडे गेलं असतं. ताई मुद्रितशोधक होत्या. जादा आलेला शब्द दिसला की तो काढायचा, हे हाताला आणि मनाला इतकं सवयीचं झालं होतं की त्यांनी प्रत्येक जोडीतला उजवीकडचा शब्द मनातल्या मनात काढून टाकायला सुरुवात केली. एक खरा, एक भास. काम जरा हळू झालं, एवढंच.

घोटाळा झाला तो व्याकरणाच्या पुस्तकात.

मुख्य संपादक, म्हणजे सगळ्यांचे साहेब, स्वतःला न्यायी माणूस म्हणवत आणि न्याय करण्याआधी चष्मा पुसत. त्या दिवशी त्यांनी चष्मा दोनदा पुसला आणि ताईंपुढे एक पान सरकवलं.

"वाचा."

सकाळची वेळ होती. ताईंनी वाचलं, "'एखादा शब्द लागोपाठ दोनदा आला की त्याला अभ्यस्त शब्द म्हणतात. अशा वेळी त्याचा अर्थ बदलतो. उदाहरणार्थ, हळू, लाल, घर, कधी, मोठे.'"

"पुढे?"

"'मुलांनो, वरील शब्दांतील गंमत पाहा.'"

"पाहिली," साहेब म्हणाले. "लेखकांच्या समितीनंही पाहिली. कुणालाच सापडली नाही. ताई, मूळ प्रतीत 'हळूहळू' होतं. 'लाल लाल', 'कधी कधी' होतं. एकूण एक जोडी तुम्ही फोडलीत. आणि हे विज्ञानाच्या पुस्तकातलं: 'पृथ्वी सूर्याभोवती फिरते की की सूर्य पृथ्वीभोवती?' जिथं काढायचा, तिथं ठेवलात. ही दुसरी 'की' कोणाच्या कुलपाची?"

ताईंना धरणी दुभंगली तर बरं, असं झालं. खरी जोडी त्यांनी छपाईची चूक समजून कापली होती, आणि खरी चूक भास समजून सोडली होती.

"साहेब, त्या खंडानंतर मला जरा..."

"तेच म्हणतोय मी." साहेबांनी हात वर केला. "मी न्यायी माणूस आहे. आजारी असाल, तर रजा घ्या, बऱ्या व्हा, परत या, खुर्ची तुमची. पण बऱ्या असून हे केलं असेल, तर तो निष्काळजीपणा. मग तुम्ही गोदामात जाऊन परत आलेली पुस्तकं लावायची आणि अंतिम वाचन सॉफ्टवेअर करील. ते चहा मागत नाही आणि त्याच्या डोक्यात काही पडत नाही. शुक्रवारपर्यंत डॉक्टरचा दाखला आणा. काय झालंय ते लिहून आणा."

म्हणजे आता खुर्ची वाचवायची तर डॉक्टरनं ताईंना आजारी म्हणायला हवं होतं. इतकी साधी मागणी घेऊन जन्मात प्रथमच त्या दवाखान्याची पायरी चढल्या, आणि तिथं जो तो त्यांना ठणठणीत म्हणायला टपून बसला होता.

मेंदूच्या डॉक्टरांनी स्कॅन करवून घेतला. पडद्यावरच्या करड्या अक्रोडाकडे बघत ते आनंदानं म्हणाले, "काहीही नाही!"

"नीट बघा ना."

"नीटच बघितलं. रक्तस्राव नाही, सूज नाही, भेग नाही. काहीही नाही. अभिनंदन."

घरी ही बातमी पोचली तेव्हा वन्सं येऊन बसल्या होत्या. वन्सं, म्हणजे ताईंच्या नवऱ्याची थोरली बहीण, दुखण्याचा वास लागला की येत आणि दुखणं पळाल्यावरही थांबत.

"काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"डोक्यात काही नाही म्हणाले," ताईंचा नवरा म्हणाला.

"त्यासाठी एवढं मोठं यंत्र लागलं?" वन्सं म्हणाल्या. "मला विचारायचं. लग्नाच्या बोलणीतच सांगितलं होतं मी."

ताईंचा नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवे. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून त्याला एक सवय लागली होती: कोणी काही चुकायच्या आधी त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जाई. तो पाय अलीकडे घरातही दाबला जात होता. ताई कपात चहा ओतताना धार बशीत पडे, तेव्हा. जिन्याची शेवटची पायरी त्या दोनदा शोधत, तेव्हा.

"डोळ्यांच्या डॉक्टरला दाखव," तो म्हणाला.

डोळ्यांचे डॉक्टर उत्साही होते. त्यांनी ताईंना खुर्चीत बसवून लांबच्या भिंतीवरचा अक्षरांचा फलक दाखवला. आधी डावा डोळा झाकला. ताईंनी शेवटची ओळ घडाघडा वाचली. मग उजवा झाकला. ताईंनी शेवटची ओळ वाचली आणि तिच्याखाली छापणाऱ्याचं नाव होतं तेही वाचून दाखवलं.

"सहा बाय सहा! दोन्ही डोळे!" डॉक्टर जवळजवळ उभे राहिले. "या वयात अशी नजर! घार आहात तुम्ही घार."

"डॉक्टर, मी भिंतीवरची पुस्तकं वाचत नाही. हातातली वाचते."

"लांबचं एवढं दिसतंय, तर जवळचं का नाही दिसणार? वयाप्रमाणे वाचायचा चष्मा आहेच तुम्हाला. अभिनंदन!"

"मला आजारी असल्याचा दाखला हवा होता."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. घारीनं पंख मिटून घेतल्यासारखं त्यांना वाटलं असावं. "हे बघा," ते जरा कोरडेपणानं म्हणाले, "शंका असेल, तर तळमजल्यावर नवीन सोय झाली आहे. डोक्याला मार लागलेल्यांची दृष्टीची चाळणी. प्रश्नांची उत्तरं द्यायची. त्यातून कोणी निसटत नाही."

चाळणीच्या खिडकीत एक परिचारिका हातात टॅब घेऊन बसली होती. तिच्या डोक्यामागे पाटी होती: 'आपली दृष्टी, आमची दृष्टी'. ताईंनी ती वाचली, दोन वेळा वाचली, आणि चूक नाही पण अर्थही नाही, असं मनाशी ठरवून बसल्या.

"हो किंवा नाही, एवढंच सांगायचं हं," परिचारिका म्हणाली. "वाचताना एका गोष्टीच्या दोन दिसतात?"

ताईंनी विचार केला. त्यांना आयुष्यात कोणी काही विचारलं, तर त्या बरोबर काय ते सांगत आल्या होत्या. "दिसतात. पण एकच असते."

"म्हणजे दोन नसतात."

"नसतात. एकच असते."

"नाही," परिचारिकेनं बोट टेकवलं. "शब्द हलतात?"

"हलतील कसे? छापलेले असतात."

"नाही. वाचताना ओळ चुकते?"

"चुकली की मी लगेच बरोबर ओळीवर येते."

"म्हणजे बरोबरच वाचता. नाही. वाचून डोकं दुखतं?"

"दुखतं. पण ते सगळ्यांचंच दुखत असणार. पुस्तकं तशीच असतात हो."

परिचारिका हसली आणि तिनं 'नाही'वर बोट ठेवलं. शेवटी टॅबवर एक हिरवं वर्तुळ उमटलं. "शून्य गुण! एवढे कमी कोणालाच पडत नाहीत. अभिनंदन!"

ताईंना इतक्या शुभेच्छा लग्नातसुद्धा मिळाल्या नव्हत्या.

गुरुवारी संध्याकाळी त्या जेवणाच्या टेबलापाशी बसल्या होत्या. समोर गोदामाची किल्ली पडलेली असावी तसा चेहरा. वन्सं हिरव्या वर्तुळाचा कागद वाऱ्यासाठी हलवत होत्या.

"तीन-तीन डॉक्टरांनी सांगितलं, बाई, तू धडधाकट आहेस. मग चुकलीस ते चुकलीस. कबूल कर आणि मोकळी हो. गोदामात निदान डोक्यात पडण्याजोगं काही वर नसेल."

"वन्सं, मी मुद्दाम नाही हो केलं."

"मुद्दाम कोण म्हणतं? वय होतं माणसाचं."

ताईंनी उत्तर द्यायचं टाळून डोकेदुखीच्या गोळ्यांची बाटली उचलली आणि मागची बारीक अक्षरं वाचायला घेतली. नवऱ्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला.

"थांब. तो डोळा का मिटलास?"

"कोणता?"

"उजवा. बाटली उचलल्याबरोबर मिटलास. कालही पेपर वाचताना मिटला होतास. मला वाटलं, मला डोळा मारतेस."

"या वयात?" वन्सं म्हणाल्या.

"म्हणून तर विचारलं नाही," नवरा म्हणाला. "पण ज्याला दोन्ही डोळ्यांनी नीट दिसतं, तो एक मिटेल कशाला?"

ताईंनी बाटलीकडे एका डोळ्यानं पाहिलं. मग दोन्हीनं. मग परत एका. अक्षरांचे भाऊ आले, गेले, आले.

शुक्रवारी सकाळी दोघं घारवाल्या डॉक्टरांच्या दारात उभी राहिली. नवऱ्यानं एक डोळा मिटण्याचं सांगितलं. डॉक्टर विचारात पडले. "हे मला आधी नाही सांगितलंत."

"तुम्ही आधी एक झाकलात, मग दुसरा झाकलात," ताई म्हणाल्या. "दोन्ही उघडे ठेवून काही विचारलंतच नाही."

"बरोबर आहे. माझ्याकडे एकेक डोळा तपासतात. दोन्ही डोळ्यांच्या मधलं काम ऑर्थोप्टिस्टकडे असतं. मागच्या इमारतीत." आणि त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. मेंदूचे डॉक्टर मेंदू बघत, हे डोळे बघत, आणि मेंदू व डोळे यांचं आपापसात काय चाललंय ते बघणारी खोली मागच्या इमारतीत, झाडू-बादल्यांच्या खोलीला लागून होती.

ऑर्थोप्टिस्टबाई पन्नाशीच्या, सडसडीत, आणि सर्दीनं बेजार होत्या. टेबलावर रुमालांचा ढीग होता. त्यांनी ताईंना खिडकीसमोर बसवलं आणि स्वतःच्या खिशातलं पेन काढलं.

"या टोकाकडे बघायचं. मी ते नाकाकडे आणते. एकाचे दोन झाले की 'दोन' म्हणायचं." त्या शिंकल्या. "माझ्या शिंकेकडे नाही. टोकाकडे."

पेन हातभर अंतरावरून निघालं. वीतभरावर आलं. ताई गप्प होत्या. पेन आणखी जवळ आलं, त्यांच्या नाकाला जवळजवळ टेकलं. ताई गप्पच.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काय दिसलं?"

"पेन."

"किती?"

"एक."

"तुमचा उजवा डोळा अर्ध्या वाटेतच बाहेर निघून गेला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. तो तिकडे दरवाजाकडे बघतोय आणि तुम्ही मला 'एक' सांगता?"

"पेन एकच आहे ना तुमच्या हातात."

बाई रुमाल नाकाशी धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही काम काय करता?"

"मुद्रितं तपासते. चुका काढते."

"तरीच!" बाई म्हणाल्या. "अहो, मी पेनाची चौकशी करत नाही. पेन माझं आहे, ते एक आहे हे मला ठाऊक आहे. तुम्हाला काय दिसतं ते मला हवंय. दुरुस्त न करता. तुमच्या भाषेत सांगू? मला मूळ प्रत हवी, तपासलेली नको."

हे ऐकून ताई चांगल्याच गडबडल्या. बरोबर उत्तर माहीत असताना चुकीचं उत्तर तोंडानं द्यायचं, असं त्यांना शाळेपासून कोणी शिकवलं नव्हतं. चाळणीच्या खिडकीत आपण काय केलं, ते त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. तिथं त्यांनी आपल्या दुखण्याचंच मुद्रित तपासून दिलं होतं. एकही चूक शिल्लक ठेवली नव्हती.

बाईंनी बारीक अक्षरांचं एक कार्ड त्यांच्या हातात दिलं. "हे मोठ्यानं वाचा. जसं दिसतं तसं. अक्षर गाळायचं नाही."

ताईंनी कार्ड डोळ्यांपुढे धरलं. "'एका एका घरात घरात...'" त्या थांबल्या. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. नवरा कोपऱ्यात बसून ऐकत होता.

"थांबू नका."

"'एका एका घरात घरात दोन दोन भाऊ भाऊ राहत राहत होते होते.'"

"मूळ गोष्टीत दोन भाऊ आहेत," बाई म्हणाल्या. "तुम्ही चार केलेत. आणखी वाचा."

ताई वाचत गेल्या. मध्येच ओळ निसटून खालच्या ओळीवर गेली आणि थोरला भाऊ एकदम विहिरीत सापडला. त्यांनी तेही तसंच वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून इतका अशुद्ध मजकूर बाहेर पडत होता, आणि समोरची बाई प्रत्येक चुकीला मान डोलावून शाबासकी देत होती. चौथ्या ओळीला ताईंना मळमळायला लागलं. त्यांनी कार्ड खाली ठेवलं.

"हेसुद्धा सांगायचं असतं," बाई म्हणाल्या आणि पाण्याचा पेला पुढे केला. "ऐका. लांबचं बघताना दोन्ही डोळे सरळ असतात, त्यात काही कष्ट नाहीत. जवळचं बघायला दोघांना मिळून नाकाकडे वळावं लागतं. डोक्याला हलका मार बसला, तरी पुष्कळांचं हे वळणं बिघडतं. स्कॅनमध्ये ते दिसत नाही, भिंतीवरच्या अक्षरांत सापडत नाही. तुमचे डोळे उत्तम आहेत. जोडी बिघडली आहे. एकाच घरात राहतात, पण एकाच दिशेला बघत नाहीत."

"आमच्याकडे तशीच पद्धत आहे," ताई म्हणाल्या.

कोपऱ्यात नवऱ्याचा पाय दाबला गेला.

"बरं होतं का हे?" त्यानं घाईनं विचारलं.

"व्यायाम केले तर बहुतेकांचं होतं. मी शिकवते. काही आठवडे लागतील, कदाचित जास्त. तोवर बारीक वाचन बंद. आणि अगदीच शंका आली, शब्द खरोखर दोनदा आहे की तुमच्या डोळ्यांनी केलाय, तर एक डोळा झाका. भास असेल तर जाईल. छापलेला असेल तर राहील."

ताईंनी हे असं ऐकून घेतलं, जसा एखादा नियम ऐकावा: अपवाद नसलेला.

दाखला खिडकीतून छापून मिळाला. शिक्का मारणारा माणूस म्हणाला, "जपून न्या हं. खाडाखोड झाली की ऑफिसवाले घेत नाहीत." आणि जेवायला जायचं म्हणून त्यानं खिडकी लावून घेतली.

बाहेरच्या बाकावर ताईंनी कागद उघडला. 'रुग्णाचे दोन्ही दोन्ही डोळे जवळच्या वाचनासाठी एकत्र वळत नाहीत.' त्यांनी उजवा डोळा झाकला. 'दोन्ही दोन्ही'. डावा झाकला. 'दोन्ही दोन्ही'.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"चूक आहे. खरी आहे."

"जाऊ दे ना. कोण बघतंय?"

ताईंनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की, लग्नाला इतकी वर्षं होऊनही हे वाक्य आपण कोणासमोर बोललो, ते त्याला उमगलं.

साहेबांनी दाखला वाचण्यापूर्वी चष्मा पुसला. मग मोठ्यानं वाचला: "'रुग्णाचे दोन्ही डोळे जवळच्या वाचनासाठी एकत्र वळत नाहीत. मार लागल्यामुळे उद्भवलेला दोष. वाचनाचे काम काही काळ बंद ठेवावे.' बरं, बरं. म्हणजे आजारी आहात. छान!" त्यांनी रजेचा कागद ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. "न्याय म्हणजे न्याय. खुर्ची तुमची."

ताई समोर उभ्या होत्या. पेन कागदावर टेकायला बोटभर अंतर होतं. गप्प बसलं की काम झालं होतं.

"साहेब, त्यात एक चूक आहे."

"कशात?"

"दाखल्यात. 'दोन्ही' हा शब्द दोनदा छापलाय."

साहेबांनी दाखला जवळ धरला, लांब धरला. "कुठे? मला तर एकच दिसतोय."

"एक डोळा झाकून बघा."

साहेबांनी एक डोळा झाकला. बाजूला उभा असलेला मांडणीवाला छताकडे बघायला लागला.

"एकच आहे, ताई." साहेब आता अगदी मायेनं बोलले, आजारी माणसाशी बोलतात तसं. "तुम्हाला दोन दिसणारच. तेच तर लिहिलंय यात. सही-शिक्क्यासकट."

खुर्ची वाचली होती खरी, पण आजपासून त्यांनी कुठल्याही पुस्तकात लागोपाठ आलेला शब्द दाखवला, तर हा कागद पुढे करून कोणीही त्यांना मायेनं सांगणार होतं: एकच आहे, ताई. ज्यांना दोन असतानाही एक दिसत होता, त्यांना दाखल्याची गरज नव्हती.

त्यांनी साहेबांच्या टेबलावरची पेन्सिल उचलली. दाखला फिरवून स्वतःकडे घेतला. उजवा डोळा मिटला, दुसऱ्या 'दोन्ही'वर एक सरळ रेघ ओढली, आणि समासात काढून टाकण्याची खूण केली, जशी हजारो पानांवर केली होती. खाडाखोड झाली. व्हायची ती होऊ दे.

साहेबांनी कागद परत घेतला. बघितला. आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हां! आता बघा. आहे ना एकच? मी केव्हापासून तेच सांगतोय." आणि त्यांनी रजेवर झोकात सही केली.

मांडणीवाल्याला एकदम खोकला आला, आणि तो खोकत खोकत बाहेर गेला.

"तुम्ही निर्धास्त जा," साहेब म्हणाले. "तोवर अंतिम वाचन मीच बघीन."

ताईंच्या डोळ्यांसमोर क्षणभर सगळी पुस्तकं आली, सगळ्या इयत्तांची. दाराशी जाऊन त्या वळल्या. "साहेब, बाकीचं तुम्ही बघा. पण व्याकरणातलं अभ्यस्त शब्दांचं प्रकरण मी परत येईपर्यंत ठेवा. ते माझ्या हातून बिघडलंय, मीच नीट करीन."

"ठेवतो, ठेवतो," साहेब मान खाली घालूनच म्हणाले.

ताई तिथंच उभ्या राहिल्या. एकदा म्हटलेलं 'ठेवतो' म्हणजे वचन. दोनदा म्हटलेलं म्हणजे पाहुण्याच्या मागे दार लोटणं. शब्द दोनदा आला की अर्थ बदलतो, हे त्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच होतं, आणि हा दुसरा 'ठेवतो' त्यांनी डोळ्यांनी नव्हे, कानांनी ऐकला होता.

"साहेब," त्या म्हणाल्या, "एकदाच म्हणा."

साहेबांनी मान वर केली. चष्मा काढला, पण पुसला नाही.

"ठेवतो," ते म्हणाले.